वहिनी, उंदीर आणि दादाचं स्टूल

आमची वहिनी उंदीर सांभाळते. नोकरी काय म्हणून कुणी विचारलं की ती एवढंच सांगते, आणि विचारणारा हमखास अर्धं पाऊल मागे सरकतो. मग ती दोन्ही पंजे त्याच्यापुढे धरते आणि म्हणते, "धुतलेत हो." हा विनोद मी तिच्या लग्नापासून ऐकत आलेय, तरी अजून हसते. माझा दादा मात्र कधीच हसला नाही. त्याला तो विनोद वाटतच नसे. आपली बायको एका मोठ्या संशोधन संस्थेत आहे, एवढंच तो लोकांना सांगायचा, आणि उंदीर गाळायचा.

संस्थेच्या तळघरात उंदीरघर आहे. बाहेरच्या चपला बाहेर ठेवायच्या, आतल्या घालायच्या. दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मग टोपी, झगा, हातमोजे. आत मांडण्यांवर पारदर्शक डबे, डब्यात लाकडाचा भुसा, पाण्याची उलटी बाटली, आणि तळहातावर मावतील असे उंदीर. डबे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणे घालायचे आणि प्रयोगाच्या वेळी ज्याची पाळी असेल त्याला प्रयोगाच्या खोलीत नेऊन द्यायचं, हे वहिनीचं काम. उंदरांना ती नाव देत नाही. नाव दिलं की शेवटचा दिवस जड जातो, म्हणते. प्रयोग संपला की उंदीरही संपतात. त्या संध्याकाळी ती घरी आली की मी तिला छेडत नाही. एरवी आमच्या दोघींच्या तोंडाचा पट्टा कुणी थांबवू शकत नाही.

दादा लिफ्टमन होता. एका उंच कचेरीच्या लिफ्टमध्ये, बटणांच्या शेजारी, एका गोल स्टुलावर बसून त्याने सगळी नोकरी काढली. "कितवा मजला?" आणि दार उघडलं की "सांभाळून उतरा." दिवसभरात त्याचं बोलणं एवढंच, पण ते तो इतक्या अगत्याने बोलायचा की साहेब लोक बाहेर पडताना मान लववून जायचे. आम्ही मात्र राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत. ती दोघं तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्यावर. आयुष्यभर लोकांना फुकट वर नेलं आणि स्वतःच्या नशिबी जिने, असं मी त्याला चिडवायची. नवीन लिफ्ट आली, माणूस नको झाला, आणि कचेरीने दादाला निरोप दिला. काय हवं ते माग म्हणाले, तर ह्या भोळ्याने ते स्टूल मागितलं. त्याची फाटकी गादी मी माझ्या शिलाई मशीनवर नवं रेक्झिन लावून शिवून दिली. तेव्हापासून ते स्वयंपाकघरात होतं, वरच्या फळीवरचे डबे काढायला.

पहिले काही महिने दादा रोज फिरायला जायचा. मग रस्ता ओलांडायचं सोडलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जाऊ लागला, मग फाटकापर्यंत, मग जिन्याच्या कठड्यापर्यंत. कारणं तयार असायची. आज बूट चावतात. आज ऊन फार आहे. दुसऱ्या दिवशी, आज ऊनच नाही. मी फटकळ, मला राग यायचा. "दादा, तुला बाहेर कोण खाणार आहे?" असं विचारलं की तो ओशाळून हसायचा, पण पाय उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही. एकदा मी हट्टाने त्याचा हात धरून त्याला दारापर्यंत नेलं, तर त्याच्या मनगटातली नाडी माझ्या बोटांना धडधडताना लागली. ढोंग नव्हतं ते. त्यानंतर मी गप्प बसले, म्हणजे माझ्या मानाने गप्प.

त्यातच डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा इतका पिकलेला की डॉक्टर म्हणाले, आता लांबवलं तर ऑपरेशन अवघड होईल आणि नजर परत येईल याची खात्री देता येणार नाही. ही तपासणी डॉक्टरांनी ओळखीखातर घरी येऊन केली होती. ऑपरेशन काही घरी येऊन करता येत नाही. दादा मान डोलवायचा, तारीख ठरवू द्यायचा, आणि तारीख आली की अंथरुणातून उठायचा नाही. संध्याकाळी वहिनी कामावरून घरात शिरली की तो विचारायचा, "तूच ना?" ती म्हणायची, "नाही, शेजारीण." पण मला जिन्यात भेटली की पदराने डोळे टिपायची. खोलीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला त्याला बायकोचा चेहरा दिसेनासा झाला होता.

त्याच सुमाराला उंदीरघरात एका नव्या मॅडमचा प्रयोग सुरू झाला. विषय काय, तर म्हातारपण आणि भीती. वहिनीने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

प्रयोगासाठी फुलीच्या आकाराचा एक उंचावरचा फळा होता. त्याचे दोन हात भिंतींचे, दोन हात उघडे. उंदीर मधोमध सोडायचा आणि वरच्या कॅमेऱ्यातून बघायचं. तरुण उंदीर आधी भिंतीच्या आडोशाला जातो, मग हळूच उघड्यावर येतो, कडेवरून खाली डोकावतो, परत पळतो. म्हातारे उंदीर, निदान मॅडमचे तरी, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसायचे ते बसायचेच. एक उंदीर झाला की वहिनीने फळा स्पिरिटने पुसायचा, म्हणजे आधीच्याच्या भीतीचा वास पुढच्याला लागू नये.

"असं का होतं हो?" वहिनीने एकदा फळा पुसता पुसता विचारलं.

मॅडम समजावून सांगणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताण आला की शरीरात एक हार्मोन सुटतं आणि रक्तातून मेंदूत जातं. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी रिसेप्टर असतात. कुलपं म्हणा. किल्ली एकच, कुलपं दोन तऱ्हेची. पहिलं थोड्याशा हार्मोनवरही उघडतं, रोजचं सावधपण सांभाळतं. दुसरं अवघड, भरपूर हार्मोन आल्याशिवाय उघडत नाही. संकट टळलं की 'आता पुरे' हा निरोप मुख्यतः त्या दुसऱ्याकडून जातो. वय झालं की दोघांचा ताळमेळ बिघडतो. निरोप नीट पोचत नाही, हार्मोन रेंगाळतं. मग संकट नसतानाही संकट वाटतं. असा आमचा अंदाज आहे, अजून तपासतोय."

"आणि ते औषध?"

"ते दुसऱ्या कुलपात काडी घातल्यासारखं. रेंगाळलेल्या हार्मोनने ते सारखं उघडं राहून बिघडतं, म्हणून काही दिवस त्यात किल्ली फिरू द्यायची नाही. मग म्हातारे उघड्यावर येतात का, ते बघायचं."

संध्याकाळी वहिनीने हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "वन्सं, ह्यांचं दुसरं कुलूप बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सरळ विचारलं, की ते औषध माझ्या नवऱ्याला देता येईल का. मॅडम हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. हातातलं काम ठेवून त्या म्हणाल्या, "नाही, मावशी. माझ्या म्हाताऱ्या उंदरांतले काही त्याने बाहेर आले, काही तसेच बसून राहिले, आणि एक-दोन तर आणखी घाबरले. त्यावरून माणसावर उडी मारायची नाही. त्यांना माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. भीतीवरचेही डॉक्टर असतात." ते खरंच होतं, पण दाखवायला न्यायचं म्हणजे पुन्हा दाराबाहेर.

मॅडमचा आणखी एक नियम होता आणि त्यावरून वहिनीचं त्यांच्याशी वाजलं होतं. पूर्वी उंदीर शेपटीने उचलत. शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरायचं, की उंदीर ह्या डब्यातून त्या डब्यात. वहिनीचा त्यात हात बसलेला, अर्ध्या वेळात सगळी मांडणी आवरायची. मॅडमनी ते बंद केलं. पुठ्ठ्याची एकेक नळी प्रत्येक डब्यात आधीपासून ठेवून द्यायची. उंदीर तिच्यात शिरतो, झोपतो, ती त्याची होते. मग न्यायची वेळ आली की तो आत शिरेपर्यंत थांबायचं आणि नळीसकट उचलायचं. "शेपटीने उचललं तर आपण आपल्या हाताची भीती मोजू, त्यांच्या वयाची नाही," असं त्यांचं म्हणणं. वहिनी आठवडाभर धुसफुसली. "आता उंदरांची मर्जी सांभाळायची! पालखीच राहिली फक्त." पण म्हातारे उंदीर हातात पूर्वीसारखे थरथरत नाहीत, लेंड्या टाकत नाहीत, हे तिलाही दिसलं. धुसफुस बंद झाली.

एवढं सगळं रोज डोळ्यांपुढे असून तिने घरी काय करावं!

डॉक्टरांनी पुन्हा तारीख दिली होती. "ही चुकवली तर मी जबाबदार नाही," असं ते फोनवर म्हणाले आणि वहिनीचा धीर सुटला. त्या सकाळी तिने दादाला सांगितलं, की वन्संनी सदरा शिवलाय, खाली जाऊन अंगाला बसतो का बघू. तिने धरून आणलं तर माझ्या घरापर्यंत तेवढा दादा अजून कसाबसा यायचा. ती त्याला धरून माझ्या दारावरून तशीच खाली घेऊन गेली. फाटकाशी टॅक्सी उभी होती. तिने दार उघडून त्याला आत बसवलं, आणि तो काही बोलायच्या आत टॅक्सी सुटली. मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी पुढच्या सीटवर बसले असते, हेही खरंच.

पुढचं मला तिने सांगितलं ते असं. रुग्णालयापुढे मोठी काच, आत चकचकीत फरशीचं ऐसपैस दालन, माणसांची ये-जा. टॅक्सीचं दार उघडलं आणि दादाची पाचावर धारण बसली. त्याने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. श्वास लागला, कपाळ घामाने भिजलं. "अहो, चला ना," म्हणत वहिनीने त्याचा दंड ओढला. तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. दादाची विजार भिजली होती.

तिने दार लावून घेतलं आणि टॅक्सी घराकडे वळवायला सांगितली.

त्यानंतर दादा खोलीबाहेरही येईना. तिच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दचकायचा. ती चहा घेऊन आत गेली की अंग चोरायचा.  वहिनी माझ्याकडे येऊन मशीनपाशी खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली.

"वन्सं, मी त्यांना शेपटीने उचललं."

 मी नुसती मशीन थांबवून तिच्याशेजारी फरशीवर बसले.

त्यानंतर ती तारखेचं नावच काढेना. खोलीत जाण्याआधी बाहेरूनच आवाज द्यायची, "अहो, मी येतेय." दादाचं दचकणं थोडं कमी झालं. मी मात्र आतून जळत होते. डोळा चाललाय आणि ही बाई गप्प! पण बोलायची सोय नव्हती, तिने मला आधीच बजावलं होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती जिन्यातली जळमटं काढायला स्टूल घेऊन बाहेर गेली. काम झालं, शेजारणीच्या घरात बोलत बसली, स्टूल तिथेच राहिलं. परत येते तो दार उघडं, आणि दादा जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसलेला. पाठ भिंतीला टेकलेली, हात मांडीवर, मान सरळ. अगदी लिफ्टमध्ये बसायचा तसा. खालून कुणीतरी पिशव्या घेऊन चढत होतं. दादाने त्या आकाराकडे पाहून विचारलं, "कितवा मजला?" तो माणूस बिचकला आणि "दुसरा," म्हणाला. "सांभाळून," दादा म्हणाला.

वहिनी आल्या पावली वळली. शेजारणीच्या घरात पुन्हा शिरली आणि तो आपण होऊन उठेपर्यंत तिथेच थांबली. मग खाली माझ्याकडे धावत आली. तिचा चेहरा असा फुललेला की मला वाटलं, लॉटरी लागली.

"वन्सं, नळी सापडली!"

"कसली नळी?"

"ह्यांची! आता तुम्ही टोमणा मारायचा नाही. एकसुद्धा. शपथ घ्या."

मी घेतली, आणि पाळली, त्याचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून स्टूल जिन्यातच राहिलं. तो बसायला लागला की काही दिवसांनी वहिनी ते एक वळण खाली ठेवायची. "या" म्हणायचं नाही, हात धरायचा नाही, ठेवायचं आणि आपल्या कामाला जायचं. कधी तो यायचा, कधी दाराशी उभा राहून परत फिरायचा. परत फिरला तर दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा वर. स्टूल माझ्या दाराशी आलं तेव्हा मी मशीन दारात ओढलं आणि आम्ही बहीणभाऊ समोरासमोर बसू लागलो. मग फाटकापाशी, फाटकाबाहेरच्या झाडाखाली, औषधाच्या दुकानाच्या पायरीशी. दुकानदाराने एकदा विचारलं, "काका, आमच्याकडे खुर्ची आहे की." दादा म्हणाला, "असू दे. ही माझी जागा आहे." एकदा मोटारसायकल जवळून कर्कश वाजत गेली आणि सगळं मुसळ केरात. पंधरवडाभर स्टूल पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. वहिनीने तेही सोसलं. मी असते तर मोटारसायकलवाल्याच्या घरी भांडायला गेले असते.

तोवर मॅडमचा प्रयोग संपला होता. कुलपं किती उरली, हे मेंदू पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मेंदू पाहायचा म्हणजे उंदीर उरत नाही. त्या संध्याकाळी वहिनी झाडाखाली दादाशेजारी पायरीवर येऊन बसली. मी त्याच्या सदऱ्याचं बटण लावत होते. तिच्या उंदरांच्या, नळीच्या गोष्टी दादाच्या कानावर होत्याच; तिच्या उतरलेल्या आवाजावरून तो समजला असणार, कारण त्याने एकदम विचारलं, "तू मला उंदीर केलंस ना गं?"

मला वाटलं, आता संपलं. वहिनी म्हणाली, "हो."

"मग ते तुझे म्हातारे उंदीर कसे आहेत?"

"गेले. आज मेंदू काढले त्यांचे."

दादाने स्टुलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला डोळ्यांपर्यंतच ने हो. डोक्यापर्यंत नको." वहिनी आधी हसली आणि मग तिला रडू कोसळलं. दादाने चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. तारखेची गोष्ट त्यानेच काढली होती, हे आम्हा दोघींच्या लक्षात आलं ते रात्री जेवताना.

डॉक्टरांनी ऑपरेशनची नवी तारीख दिली, त्या दिवशी आम्ही चालत गेलो. पुढे वहिनी, काखोटीला स्टूल. मागे दादा, त्याच्या मागे पिशवी घेऊन मी. थोडं चाललं की वहिनी भिंतीच्या कडेला स्टूल ठेवायची, दादा बसायचा. लोक बघत होते. मी बघणाऱ्यांकडे असं बघत होते की ते दुसरीकडे बघत. रुग्णालयाच्या त्या ऐसपैस दालनात पहारेकरी म्हणाला, "बाई, फर्निचर आत नेता येत नाही." वहिनी म्हणाली, "फर्निचर नाही, पेशंटचं सामान आहे," आणि बरोबर दालनाच्या मधोमध स्टूल टेकवलं. दादा काचेच्या दारातून आला, स्टुलापर्यंत पोचला, बसला.  ओठ घट्ट मिटलेले. आता पुढे ऑपरेशनचा विभाग, चौथ्या मजल्यावर. थोड्या वेळाने दादा उठला तसं वहिनीने लिफ्टजवळच्या भिंतीला स्टूल नेऊन ठेवलं, तो तिथे भिंतीला धरून उभा राहिला आणि तीच दमून त्यावर बसली.

लिफ्ट आली. माणसं आत घुसली, आणि आमच्या देखत दादाही भिंत सोडून त्यांच्याबरोबर आत गेला, आणि दार बंद झालं.

मी ओरडणार होते, वहिनीने माझं मनगट धरलं. लिफ्ट वर गेली, खाली आली. दार उघडलं. दादा बटणांशेजारी पाठ टेकून उभा होता, खांदे मागे, हनुवटी वर. माणसं उतरली. "सांभाळून उतरा." नवी चढली. "कितवा मजला?" आणि काय गंमत, सगळे सांगत होते! एक बाई म्हणाली, दुसरा. एक वॉर्डबॉय ढकलखुर्ची घेऊन घुसत म्हणाला, पाचवा. दादा बोटांनी बटणं चाचपायचा, मोजायचा, दाबायचा. पुन्हा वर. पुन्हा खाली. कितीतरी दिवसांनी मी त्याचा श्वास सरळ चालताना पाहत होते. वेळ भरत आली होती. माझा जीव वरखाली होत होता, अगदी त्या लिफ्टबरोबर.

"वहिनी, बोलवा त्याला. डॉक्टर निघून जातील."

"थांबा."

"डोळा जाईल त्याचा!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिच्या बोटांनी माझं मनगट इतकं आवळलं की खरंच दुखलं. ती थांबली होती ती धीर होता म्हणून नव्हे. घाबरून तिच्या अंगाचं पाणी पाणी झालं होतं, आणि तरी ती थांबली होती.

लिफ्ट पुन्हा खाली आली. या वेळी सगळे उतरले आणि कुणीच चढलं नाही. दादाने दाराला हात लावून ते धरून ठेवलं आणि आमच्या दिशेने पाहिलं. त्याला आम्ही दोन धूसर आकार दिसलो असणार.

"चला, कितवा मजला?"

आम्ही आत गेलो, स्टुलासकट. वहिनी काही बोलली नाही. दादाचं बोट बटणांवर थांबलं, वर सरकलं, परत खाली आलं.

"चौथा, नाही का?" तो म्हणाला, आणि दाबलं.

दार उघडलं. "सांभाळून उतरा," दादा म्हणाला. मी उतरले. वहिनी उतरली. आत तो एकटा राहिला. वहिनीने वळून त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने लोकांना सांगितलेलं वाक्य त्याला मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हीही सांभाळून उतरा."

दादा उतरला. त्याच्या पाठीमागे दार लागलं आणि लिफ्ट खाली निघाली.

"स्टूल!" मी ओरडले. "स्टूल आतच राहिलं!"

"जाऊ दे," दादा म्हणाला. "दमलेलं कुणीतरी बसेल." आणि समोरून येणाऱ्या नर्सला त्याने विचारलं, "बाई, डोळे कुठल्या खोलीत?"